मिरच्यांच्या दिवसांतले हात

आमच्या इमारतीत एप्रिल शिंकेने येतो. आधी तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी शिंकतं, मग दुसऱ्या. लिफ्टमधून बाहेर पडलेला पार्सलवाला दारात उभा राहून ठसकतो, सही घ्यायची विसरतो, आणि मला कळतं की गच्चीवर मिरच्या पसरल्या. मग मी नाकाला ओढणी बांधते, गळ्यात कॅमेरा अडकवते आणि जिना चढते. गेल्या रविवारीही तेच झालं. वर पोचले तेव्हा जुन्या साड्यांवर बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी अशा राशी पडल्या होत्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघी जणी देठं खुडत बसल्या होत्या. एक माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. दुसऱ्या आमच्या समोरच्या दारातल्या विमलकाकू. दोघींचं वय सत्तरीच्या पुढचं आणि आवाज चाळिशीतला.

"इली बाय फोटोवाली," आई म्हणाल्या. "हात धुवन घेव काय असेच ठेव?"

"असेच ठेवा," मी म्हटलं.

हा प्रश्न त्या दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी हेच उत्तर देते. यंदा मात्र उत्तर देताना माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी उजवा हात साडीला पुसला आणि मुद्दाम उन्हात धरला.

भांडुपच्या या गच्चीवरून पश्चिमेला डोंगर दिसतो आणि पूर्वेला, इमारतींच्या फटींतून, मिठागरं. हवा स्वच्छ असली तर पार लांब ट्रॉम्बेचा डोंगरही. फोटो काढायला लागले तेव्हा मला वाटायचं की विकण्यासारखं जे काही आहे ते तिकडे लांबच असणार. मी मुलुंडच्या एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेते. दिवसभर कानात लोकांचा राग ओतून घेतल्यावर रविवारी मला काहीतरी मुकं हवं असतं. भावाला कंटाळा आला म्हणून त्याचा कॅमेरा माझ्याकडे आला, आणि ऑफिसातल्या एकीने सांगितलं की अशा साइट आहेत, तिथे आपण फोटो चढवायचे, जगात कुणाला ना कुणाला तो लागतो, वापरला की आपल्याला पैसे. मला झकास वाटलं. मी मढला जाऊन वाळत घातलेले बोंबील काढले, होड्या काढल्या. मिठागरांच्या कडेला पहाटे उभी राहून फ्लेमिंगो काढले. तिथे पक्ष्यांपेक्षा फोटोवाल्यांच्या तिपायाच जास्त होत्या. माझा एकही फ्लेमिंगो विकला गेला नाही.

विकला गेला तो आईंचा हात. गणपतीत त्या मोदकाला पाकळ्या पाडत होत्या आणि खिडकीतून उजेड बरा येत होता, एवढ्याच कारणाने काढलेला तो फोटो. परदेशातल्या कुणीतरी तो घेतला. मग आणखी कुणी. माझा नवरा प्रकाश तेव्हा म्हणाला होता, "आईचा हात विकून आपण गॅसचं बिल भरतोय, गावाकडे बोलू नकोस हां." बिल भरण्याइतके काही येत नव्हते म्हणा. एका फोटोमागे मिळायचं त्यात कटिंग चहासुद्धा आला नसता. पण पैसे परदेशातून यायचे, त्यामुळे घरात त्यांना मान होता.

हातच का, तर चेहऱ्याला लेखी परवानगी लागते. फोटोतला माणूस ओळखू येत असेल तर त्याच्या सहीचा कागद जोडावा लागतो. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी सही रेशनच्या कार्डार आणि बँकेत. फोटोखाली मी सही करूचंय नाय." विषय संपला. मग मी मनगटाच्या वर कॅमेरा जाऊच दिला नाही. फोटोबरोबर इंग्रजीत शब्द द्यायचे असतात, ज्यावरून गिऱ्हाइकाला तो सापडावा. मी टाइप करत होते, म्हातारी, हात, भारतीय, परंपरा, स्वयंपाक. आई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या.

"ह्येच्यात माझा नाव खंय आसा?"

"नाव नाही घालत, आई."

"मगे ता माझा कसा?"

 मी चहा टाकते म्हणून उठले.

या धंद्यात नाव नसणं हाच मुख्य गुण असतो. फोटो कुणाचाच नसला की सगळ्यांचा होतो. म्हणून चढवायच्या आधी तो संगणकावर पूर्ण मोठा करून कोपरा न् कोपरा तपासायचा आणि ओळख सांगणारं सगळं पुसायचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरचा कंपनीचा शिक्का. तांदळाच्या गोणीवरचा हत्ती. आणि भांड्यांवरची नावं. आमच्या घरातलं एकही भांडं बिननावाचं नाही. मसाल्याच्या परातीच्या काठावर सासऱ्यांचं नाव कोरलंय, ते कामाला होते ती कापडगिरणी चालू होती तेव्हाच्या शेवटच्या दिवाळीचं. सासरे आता नाहीत, गिरणीही नाही. परात मात्र दणदणीत आहे. तिच्यावरचं ते नाव मी किती वेळा पुसलंय! संगणकात त्यासाठी एक ब्रश असतो. शेजारचा चकचकीत तुकडा उचलून तो नावावर आणून बसवतो, आणि सासरे अलगद नाहीसे होतात. भांड्यावर चालतो तसा तो कातडीवरही चालतो. पिठाचा ठिपका, हळदीचा डाग, ओरखडा, काही असो. एकदा हाताला सवय लागली की गंमतच वाटते.

आता गेल्या वर्षीच्या एप्रिलकडे येते.

आईंचा मसाला म्हणजे आमच्या इमारतीत मोठं प्रकरण. त्या लालबागच्या चाळीतून इथे आल्या त्याला किती वर्षं झाली, पण मिरची अजून लालबागचीच. ती गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, धणे, लवंग, दगडफूल, बडीशेप सगळं तेलावर वेगवेगळं भाजायचं, मग कांडपाच्या गिरणीत उभं राहून कांडून आणायचं. घरी आणलेला मसाला गरम असतो. तो परातीत काढून, हिंग घालून, हाताने वरखाली करून एकजीव करायचा आणि मग बरण्यांत दाबून भरायचा. अर्ध्या इमारतीचा मसाला आईंच्या हातचा. विमलकाकूंचं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, त्या टपालखात्यातून निवृत्त झाल्या. त्यांचा मसाला तीळ-खोबऱ्याचा, वेगळा. दोघी एकमेकींच्या मसाल्याला नावं ठेवत एकाच गच्चीवर, एकाच सावलीत बसतात.

मिरचीचं काम केलं की हातांची आग होते. तळवे कसेबसे सोसतात, पण बोटांच्या बेचक्यांत आणि हाताच्या पाठीवर अशी झोंबते की माणूस थयथया नाचतो. खोबरेल चोळा, दही लावा, रात्र तशीच जाते. गेल्या एप्रिलमध्ये विमलकाकू दह्याच्या वाटीत बोटं बुडवून बसल्या होत्या आणि आई खुशाल मनगटापर्यंत परातीत हात घालून मसाला कालवत होत्या.

"तुला काहीच होत नाही गं, सुमन?" काकूंनी विचारलं.

"डावो हात जळता थोडो. उजव्याक कायएक लागना नाय," आई ऐटीत म्हणाल्या. "चाळीस वर्सा मसालो केलो, आता मिरचीच माका भिता."

आम्ही सगळ्या हसलो. मी तर खूश झाले, कारण त्या न थांबता कालवत होत्या आणि मला हवे तेवढे फोटो मिळत होते. लाल मसाल्यातला तो सुरकुतलेला हात फार छान दिसत होता. त्याच आठवड्यात त्यांच्या अंगठ्याजवळ एक फोड आला होता. कढईचा कान लागला असणार. "कधी लागलो ता कळलाच नाय," असं त्या म्हणाल्या, आणि मी तो फोड फोटोतून पुसला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसले होते. पंखा फुल स्पीडवर, प्रकाश घोरतोय, आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर वाल सोलतायत. मसाल्याचे फोटो तपासायचे राहिले होते. एक उघडला, मोठा केला, आणि माझ्या हाताने माउस थेट त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर नेला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्याच्या वर. मी अजून फोटो नीट पाहिलाही नव्हता. हाताला आधीच माहीत होतं की तिथे एक फिका डाग असणार आणि तो पुसायचाय.

मी थांबले. पीठ, असंच मी दर वेळी समजत आले होते. मोदकांच्या वेळी तांदळाची पिठी, दिवाळीत करंज्यांचा मैदा. पण मिरच्यांच्या दिवसांत पीठ कुठून येणार? सगळा हात लालभडक, नखं लाल, सुरकुत्यांत लाल पूड बसलेली, आणि मध्येच एवढाच तुकडा फिका. मी पुसलेले फोटो बंद केले आणि मूळ फोटो उघडले. ते मी कधी काढून टाकत नाही, एवढी एक बरी सवय मला आहे. गणपतीतला डाग मसुराच्या दाण्याएवढा. दिवाळीतला वाटाण्याएवढा. आता रुपयाच्या नाण्याला झाकेल असा. आणि दर वेळी अगदी त्याच जागी. 

खराट्याचा एक हीर मोडून घेतला आणि बाहेर गेले. आईंचं लक्ष मालिकेत होतं. मी शेजारी बसले, वाल सोलायला घेतल्यासारखं केलं आणि हिराचं टोक त्यांच्या हाताला हळूच लावलं. डागाच्या बाहेर लावलं तर त्यांनी माशी बसावी तसा हात झटकला. डागावर लावलं, दाबलं, आणखी दाबलं, त्या शांतपणे टीव्ही बघत होत्या. मग कधीतरी त्यांची नजर खाली गेली.

"काय गो, खराटो कित्याक टोचतंस माका?"

मी हीर मुठीत दडवला. मला फक्त त्यांचं ते ऐटीतलं वाक्य आठवत होतं, उजव्याक कायएक लागना नाय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पालिकेच्या रुग्णालयात गेलो. त्वचाविभागातली डॉक्टर माझ्याहून पुष्कळ लहान, मोकळ्या चेहऱ्याची. तिने आईंना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक लावून, "कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा, आजी," म्हणाली. आई शाळेत पहिला नंबर काढायचा असल्यासारख्या भराभर दाखवत होत्या. हय. हय. मग कापूस डागावर गेला आणि आई वाट बघत बसून राहिल्या. डॉक्टरने पुन्हा लावला. आईंनी डोळे मिटल्या मिटल्याच विचारलं, "थांबलंस कित्याक?"

मी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरने मनगटाच्या बाजूची शीर बोटांनी चाचपली, दुसऱ्या हाताची चाचपली, अंगावर आणखी कुठे डाग नाही ना ते पाहिलं आणि मला विचारलं, "कधीपासून आहे?" या प्रश्नाला बहुतेक माणसं आठवत बसत असतील. मी मोबाइल पुढे केला. गणपती, दिवाळी, एप्रिल. तिने तिन्ही फोटो मोठे करून पाहिले, पुन्हा पुन्हा. "असं कुणी आणत नाही हो," ती म्हणाली. "हात फक्त हातच दिसेल असा कोण काढतं?"

मग तिने आजाराचं नाव घेतलं. कुष्ठरोग. अगदी सुरुवातीचा, एकच डाग, पसरणारा प्रकार नाही, सहा महिने गोळ्या, त्या इथेच फुकट मिळतील. ती हे सगळं सर्दीबद्दल बोलावं तसं बोलत होती. आईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"माका घरात रवांक मिळात?"

"घरात, स्वयंपाकघरात, जिथे राहता तिथे सगळीकडे," डॉक्टर म्हणाली. "फक्त त्या हाताला गरम भांडं कळणार नाही, तेव्हा सांभाळा."

"आणि ह्या मेला कातडा परत जागा होतला?"

"डाग जाईल. स्पर्श परत येईलच असं मी नाही सांगणार, आजी. पण लवकर आलात. आशा ठेवायला हरकत नाही."

पहिली गोळी त्यांनी तिच्यासमोरच घेतली. आम्हा घरच्यांनाही पुढच्या आठवड्यात तपासून झालं, काही निघालं नाही.

 रिक्षात आईंनी त्यांच्या कोकणातल्या गावच्या एका माणसाचं सांगितलं. वाडीच्या बाहेर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे त्याला खोपटं बांधून दिलं होतं. गडग्याच्या दगडावर त्याची पेज ठेवायची आणि मागे फिरायचं. आई तेव्हा परकरात होत्या, पेज ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. "रगतपिती म्हणत तेका. मी ठेवन धावत सुटी. तो मागसून हाक मारी, चेडवा, हळू, पडशीत. माका त्येची भीती वाटी आणि तो माका सांभाळून जा म्हणी." एवढं बोलून त्या हाताकडे बघत राहिल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "आता मसालो कोण करतला?"

 मी म्हटलं, "आई, मी तो डाग पुसत होते. प्रत्येक फोटोतून. बघितलाच नाही मी."

"फोटोत माका बरी केलंस ता केलंस," त्या म्हणाल्या. "आता खरीखुरी बरी कर." आणि त्यांनी माझ्या मांडीवर एक थापटी मारली. कुठल्या हाताने ते मी पाहिलं नाही, पण मला जोरात लागली.

लपवायचं की सांगायचं यावर प्रकाश आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. प्रकाशचं म्हणणं, लोकांना अर्धवट माहिती असते, उगाच वाट लागेल. आमचं ठरायच्या आत आई चपला घालून समोरच्या दारी पोचल्यासुद्धा. मी मागे धावले. विमलकाकूंनी दार उघडलं. आई उंबऱ्याच्या बाहेर, हात पदराखाली घेऊन उभ्या.

"विमल, तुका एक सांगूचा आसा. आत येनंय नाय, हयसूनच सांगतंय."

"दारातून काय सांगतेस? भाजी विकायला आलीयस का?"

"माका रगतपिती झाली हा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांनी वापरलेला शब्द सांगितला, सुरुवातीचं आहे म्हणून सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं.

"गोळ्या चालू झाल्या ना?"

"झाल्या."

"मग बाहेर का उभी?"

"शिवाशिव नको म्हणान..."

काकूंचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "सुमन, न शिवण्याचं तू मला शिकवू नकोस. माझ्या आजीच्या ओंजळीत गावाने वरून पाणी ओतलंय. माझ्या दारात ते मी चालू देणार नाही. कळलं? चल, आत ये." आणि त्यांनी पदराखालचा तो हात बाहेर ओढला, मनगटाला धरून आईंना आत नेलं, आणि दार लावून घेतलं. मी बाहेरच राहिले.  मग आतून कपबशा वाजल्या, आणि थोड्या वेळाने तिळाच्या मसाल्याला नावं ठेवणारा आईंचा आवाज. तो आवाज ऐकून मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. बरं वाटलं.

पुढचे सहा महिने पावसाचे आणि गोळ्यांचे. महिन्याचा मोठा डोस घेतला की लघवी लाल होते. पहिल्यांदा झाली तेव्हा आई न्हाणीघरातून हसतच बाहेर आल्या, "मसालो उतरलो गो!" म्हणाल्या. रविवारी सकाळी आमचा खेळ चालायचा. त्यांनी डोळे मिटायचे, मी हीर लावायचा. कडेने हळूहळू कळायला लागलं. मधोमध मात्र नाहीच. गोळ्या संपल्या, डाग पुसट झाला, हाताच्या रंगात मिसळत चालला. बोटं सरळ होती, पकड घट्ट होती, डॉक्टर खूश होती. पण मधल्या त्या रुपयाएवढ्या जागेबद्दल ती काही बोलेना. मार्च उजाडला तसं आईंनी हिराचा खेळच बंद केला. "कळला तर कळला, नाय तर नाय," म्हणायच्या, आणि विषय बदलायच्या.

त्या दिवसांत साइटवरून पहिल्यांदाच हातात घेण्याइतके पैसे आले. पुसलेल्या हातांचे पैसे. त्यातून मी आतून कापडाचं अस्तर असलेले जाड रबरी हातमोजे आणि लाकडी मुठीची सांडशी आणली. आईंनी हातमोजे घालून बघितले, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झाडू खात्यात भरती झालंय." तरी कढईजवळ जाताना घालायच्या.

फोटो काढणं मी सोडलं नाही. पोटासाठी नसलं तरी मनासाठी ते लागतंच. अजूनही खुर्चीवरचा शिक्का पुसते, सासऱ्यांचं नाव पुसते, नियम आहे. हातांवर मात्र ब्रश नेत नाही. कधी फोटो परत येतो, त्वचेवर दोष आहे असं कारण देऊन. येऊ दे. एक गोष्ट मला आता कळते, की हे फोटो विकायच्या नादात मी आईंच्या हाताकडे जितकं पाहिलं तितकं त्यांच्या पोटच्या मुलानेही पाहिलं नव्हतं. नीट पाहिलं नाही हेही खरं. पण पाहिलं नसतं तर तो डाग आणखी एक वर्ष पिठाचा राहिला असता.

काल मसाला कांडून आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराने यंदा विकतचा आणला, कारण सांगितलं नाही. बाकी सगळ्यांचे डबे नेहमीसारखे आमच्या दारात आले. विमलकाकूंचा सगळ्यात मोठा, यंदा त्यांना आईंचाच मसाला हवा होता, "एक वर्ष चव बदल म्हणून" असं त्या म्हणाल्या. दुपार कलल्यावर गच्चीवर परात मांडली. वाफ निघणारा लाल ढीग, वर हिंग. आईंनी हातमोजे घातले, दोनदा वरखाली केलं आणि काढून बाजूला टाकले.

"खोट्या हातान मसालो एकजीव होणा नाय."

"सुमन, ऊन ऊन आहे तो," काकू म्हणाल्या.

"आता निवलो."

मी गुडघे टेकून कॅमेरा लावला. परातीचा काठ, त्यावरचं नाव, आत मनगटापर्यंत बुडालेले दोन हात. सावकाश, गोल गोल. मी एक फोटो घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला उजवा हात हलायचा थांबला. मला वाटलं, भाजलं. मी कॅमेरा खाली केला. आईंनी हात परातीतून काढून तोंडासमोर धरला होता आणि डोळे बारीक करून त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"काय झालं, आई?"

 त्यांनी डाव्या हाताचं बोट उजव्या हातावर नेलं, अंगठ्याच्या बेचक्याच्या वर, बरोब्बर त्या जागी.

"हय," त्या म्हणाल्या. "हय झोंबता."

"कडेला?"

"कडेक नाय गो. मधी! मधी झोंबता!"

विमलकाकू उठल्या, परत बसल्या, पुन्हा उठल्या. "खोबरेल आण, बघत काय बसलीस!" त्या माझ्यावर ओरडल्या. मी कॅमेरा तिथेच साडीवर टाकला आणि जिन्यावरून धावत सुटले. बाटली सापडेना, सापडली तर झाकण निघेना. दातांनी उघडून पुन्हा वर पळाले. शिंका येत होत्या, डोळे वाहत होते, मिरचीने वाहत होते की कशाने ते काही सांगता येणार नाही. आई तशाच बसल्या होत्या. चेहरा लाल, ओठ दाताखाली, तो हात उन्हात पुढे धरलेला. मी ओंजळीत तेल ओतलं आणि त्यांचा हात धरायला वाकले.

त्यांनी हात मागे घेतला.

"रवांदे गो," त्या म्हणाल्या. "झोंबांदे जरा."